नाक बांधून घेतलेला दम

एकाहत्तर साली, दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी, ऊन कलायला लागलं होतं तेव्हा, काष्टीच्या अलीकडच्या एका गावात शाळेच्या मैदानावर आमच्या गावच्या सनईवाल्याच्या थोरल्या मुलावर अन्याय झाला. कबड्डीच्या अंतिम सामन्यात झाला, गावची गावं गोळा झाली होती त्यांच्या डोळ्यांदेखत झाला. करणारे शिकलेले होते. त्यांतल्या एकालाही त्या संध्याकाळी जेवण गोड लागलं नाही असं मी अजून ऐकलेलं नाही.

मी नावं लिहीत नाही. त्याचं लिहिलं तर त्याच्या घराला गावात राहणं अवघड होईल. त्यांची लिहिली तर म्हणतील, हा पोरगा जुनं वैर काढतो. आजवर मी पत्रकंच लिहिली आहेत. पत्रकात दोन वाक्यांत सगळं सांगायचं आणि शेवटी निषेध करायचा, एवढं मला येतं. या गोष्टीचंही पत्रक काढलं होतं. त्याचं काय झालं ते पुढे सांगतो. त्यामुळेच या वेळी सविस्तर लिहायला बसलोय.

तो माझ्याच वयाचा. सातवीपर्यंत एका शाळेत होतो. मी पुढे नगरला कॉलेजात गेलो आणि तो बापाबरोबर लग्नांत सनई वाजवायला लागला. अंगानं काटकुळा. तालमीतली पोरं त्याला काडीपैलवान म्हणायची. तो चिडायचा नाही, उलट म्हणायचा, "काडीच पेटते लेको, ओंडका धूर करतो." बढाई मारण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि बढाई मारण्यासारखं त्याच्याजवळ होतंही. सगळ्या तालुक्यात त्याच्याएवढा लांब दम घुमवणारा चढाईवाला नव्हता.

कबड्डी खेळलेल्याला सांगायला नको, पण न खेळलेल्यासाठी सांगतो. चढाईवाला मधली रेष ओलांडून समोरच्यांच्या अंगणात शिरतो तो एका श्वासावर. 'कबड्डी कबड्डी' म्हणत राहायचं, म्हणजे घुमायचं, आवाज तुटू द्यायचा नाही, गडी शिवायचे आणि त्याच श्वासात परत यायचं. आवाज तुटला किंवा मधेच श्वास घेतला की बाद. म्हणजे सगळा खेळ छातीवर उभा. आणि आमच्या तालमीत व्यायाम कशाकशाला होता? मांडीला बैठका, दंडाला जोर, मानेला वजन. श्वासाला काहीही नाही. श्वास काय, देवानं दिलाय, आपोआप चालतो, असं आम्ही धरून चाललो होतो.

मी संघातला दुसरा चढाईवाला. पहिल्या एकदोन चढाया बऱ्या जायच्या. मग मांड्या थरथरायला लागायच्या. उत्तरार्धात तर पाय दुसऱ्याचे आहेत आणि मी ते उसने आणलेत असं वाटायचं. एकदा सरावात मी मधल्या रेषेपाशीच गुडघ्यावर बसलो, तर तो डोक्यावर येऊन उभा राहिला.

"काय पुढारी! भाषणाला तर लई दम असतो. हितं काय झालं?"

"पाय गेले रे."

"पाय न्हाई गेले. आधी छाती गेली. ती दमली की तिला जास्त लागतं, मंग ती पायाच्या ताटातलं ओढून खाती. पायाला बैठका मारून काय उपेग? छातीचं पोट भर."

मला राग आला. कॉलेजात शिकलेल्या माणसाला हे ऐकवतो! पण राग येऊन मांड्या थांबत नाहीत. सुट्टी संपून नगरला गेलो तेव्हा शास्त्र शिकवणाऱ्या सरांना विचारलं. ते म्हणाले, बरगड्यांच्या मधे स्नायू असतात, पोटाच्या वर पडद्यासारखा एक मोठा स्नायू असतो, तेही मांडीसारखेच थकतात आणि मांडीसारखेच तयार होतात. पण ते तयार कसे करायचे, हे पुस्तकात नाही म्हणाले.

ते त्याच्या घरात होतं. सनई शिकणाऱ्या पोराच्या हातात पहिल्यांदा सनई देत नाहीत. पपईच्या पानाचा पोकळ देठ देतात आणि पुढ्यात पाण्याचं मडकं. देठ पाण्यात बुडवून फुंकत राहायचं, बुडबुडे तुटू द्यायचे नाहीत. गालांत हवा साठवायची, गालांनी ती फुंकायची आणि तेवढ्यात नाकानं नवी ओढायची. असं करत करत पोरगं लग्नात बापाच्या मागे उभं राहून नुसता एक सूर धरायला लागतं. मांडव उठेपर्यंत सूर हलता कामा नये. लहानपणापासून तो हेच करत आला होता. कबड्डीसाठी त्यानं त्यात स्वतःची भर घातली होती. देठाचं तोंड बोटानं निम्मं झाकून तो श्वास फुंकायचा नाही, आत ओढायचा. उताणा पडून पोटावर चटणी वाटायचा पाटा ठेवायचा आणि श्वासानं तो वर उचलायचा. म्हणायचा, "फुकायला कुनीबी फुकतं. वढायला शिका."

मी वस्तादांच्या मागे लागलो, की हे सगळ्या संघाला शिकवू द्या. वस्तादांनी मान डोलावली. एका सकाळी तो तालमीच्या मागच्या अंगणात माठ घेऊन आला, काखेत पपईच्या देठांची जुडी. सगळे गोल उभे राहिले. माठाकडे बघत राहिले. कोणी खाली बसेना. शेवटी आमचा कप्तान म्हणाला, "शिकतो आमी. पर भांडं ज्याचं त्यानं आनू."

बाजारात, मांडवात, देवळासमोर त्याच्या सावलीपासून बाजूला होणारी ही घरं. तोंडावर कोणी काही म्हणत नव्हतं, कायदा होता. आणि खेळ कुठला, तर ज्यात एकमेकांना शिवल्याशिवाय गुणच मिळत नाही असा! मैदानात हीच पोरं त्याच्या गळ्यात पडायची, त्याला खांद्यावर घ्यायची. रेष ओलांडली की संपलं. तोही तसंच वागायचा. मैदानात मला अरे-तुरे करायचा, गावात भेटला की अहो-जाहो. मी कितीदा सांगितलं, तो नुसता हसायचा.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकजण घरचं भांडं घेऊन हजर. कोणाचा तांब्या, कोणाची कळशी, एकानं तर आंघोळीचं घंगाळच आणलं. माझ्या आईनं तांब्या दिला, पण वर म्हणाली, "येताना चिंचंनं घासून आन." तो मात्र मधोमध आपला माठ घेऊन बसला होता.

"बरं झालं," तो म्हणाला. "माझ्या माठाला तुमची थुकी लागली न्हाई."

सगळे हसले. मीही हसलो.

सुरुवातीला चक्कर यायची, बरगड्यांच्या खाली दुसऱ्या दिवशी बैठका मारल्यासारखं दुखायचं. तिथंही दुखण्यासारखं काही असतं हे तोवर माहीत नव्हतं. पावसाळा सरेपर्यंत आमचा संघ बदलला. मांड्या त्याच होत्या, त्यांना आम्ही जास्त काही केलं नव्हतं. पण सामना संपताना त्या आपल्याच वाटायच्या. चढाईत श्वास ओढून घ्यायची घाई होईना, आणि घाई नसली की डोकं चालतं, कोपऱ्यातला गडी कधी झेप घेणार ते दिसतं. दसऱ्यापासून आम्ही हरलोच नाही.

त्या रविवारच्या सामन्याला एका साखर कारखान्याच्या संघाचे व्यवस्थापक आले होते. पांढरा सदरा, पुढच्या रांगेत खुर्ची. सामन्याआधीच त्यांनी सांगून टाकलं, "एक चढाईवाला घेणार आहे. नोकरी कायमची, हंगामी नाही." सगळ्या मैदानाला माहीत होतं कोणाला घेणार. त्यालाही माहीत होतं. त्याच्या बापाचे पुढचे दात हलायला लागले होते, आणि दात गेले की सनई गेली. मग मुख्य सनई त्याच्याकडे येणार. त्याला ती नको होती. सनईवर राग नव्हता त्याचा. बूट घालता घालता मला म्हणाला, "पंगत उठूस्तवर मांडवाभाईर वाट बघायची, ते मला नगं." बूट माझे होते, त्यानं मागून घेतले होते. चढाईला जाताना काढून ठेवले. अनवाणीच बरं म्हणाला.

उत्तरार्धात तो चढाईला गेला. डावा कोपरा शिवला, उजवीकडे आला, तिथं एक शिवला. परत यायला हरकत नव्हती. पण काडीपैलवानाला व्यवस्थापकांना दाखवायचं होतं. तो त्यांच्या अंगणात फिरत राहिला. कबड्डी कबड्डी, सावकाश, हसत, एकेकाच्या डोळ्यांत बघत. समोरचे मागे मागे सरकत होते. लोक आधी ओरडत होते, मग गप्प झाले. इतका लांब दम कोणी ऐकलाच नव्हता.

तेवढ्यात त्यांचा कप्तान ओरडला, "चोरतोय! दम चोरतोय! सनईवाला हाय त्यो, नाकानं घेतोय!"

एकानं म्हटलं आणि सगळ्या बाजूनं तेच सुरू झालं. चोरतोय, चोरतोय. शिट्टी वाजली. मुख्य पंच शाळामास्तर होते. त्यांनी त्याला मधे बोलावलं.

"सनईवाले नाकानं श्वास घेत घेत फुंकतात, खरं का?"

"सनईत खरं हाय गुर्जी. हितं कसं व्हईल? गालातल्या हवंवर सूर निघतो, बोलनं न्हाई निघत. बोलायला छातीतलीच हवा लागती."

"म्हणजे ती विद्या तुला येते. कबूल?"

"येती. पर..."

"नाक बंद करून घुमून दाखव."

आता नाक कोणी धरायचं? पंचांनी आमच्या कप्तानाकडे पाहिलं. तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. समोरच्या संघाकडे पाहिलं. घटकेपूर्वी त्याचा पाय धरायला टपलेले गडी एकमेकांच्या मागे गेले. पाय धरणं खेळ होता, तोंडाला हात लावणं वेगळं. मी पुढे झालो, तर पंच म्हणाले, "तू त्याच्याच संघातला. ढिलं धरशील." शेवटी गर्दीतून कोणीतरी जुनं उपरणं फेकलं. पंच स्वतः दोन पावलं मागे झाले आणि म्हणाले, "तूच बांध."

त्यानं बांधलं. घट्ट बांधलं, मागे गाठ मारली, गाठ ओढून दाखवली. नाक चेपलं गेलं होतं, वर डोळे दिसत होते. ते हसत होते. मग उभ्यानं तो घुमायला लागला. आवाज बदलला होता, घोगरा, पण तुटला नाही. झाडावर बसलेली पोरं बोटांवर मोजायला लागली. बऱ्याच वेळानं त्यानं हातानं खूण केली, पुरे का?

मला वाटलं, संपलं. आता पंच लाजतील.

"हे उभ्यानं झालं," पंच म्हणाले. "चढाई करून दाखव."

"कुठल्या नियमात आहे हे?" मी ओरडलो.

"नियम मला शिकवतोस? बाहेर काढीन."

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. बांधलेल्या नाकातून म्हणाला, "ऱ्हाऊ दे रे पुढारी. ह्यो डाव बी घिऊ यांचा."

आणि तसाच गेला. आधीचा श्वास भरून निघायला वेळ दिला नव्हता, आणि तोंडानं धाप टाकत किती हवा येणार! तरी त्यानं एक शिवला. मग कोपऱ्यातल्यानं घोटा धरला, दोघांनी कंबर, आणि बाकीचे वर पडले. ढिगाऱ्याखालून मला त्याचा आवाज येत होता, कबड्डी, कबड्डी, मातीत तोंड खुपसलेला आवाज. मग थांबला. शिट्टी झाली. ते उठेनात. मी एकेकाला ओढून काढलं. त्याचं तोंड मातीत होतं आणि नाक बांधलेलं. चेहरा काळानिळा. गाठ बोटांनी सुटेना, मी दातांनी तोडली. त्यानं श्वास घेतला तेव्हा छातीतून असा आवाज आला, की मी अजून कधी रात्री जागा होतो तो त्या आवाजानं.

पंच लोकांकडे वळून म्हणाले, "बघितलंत? नाक बांधल्यावर दम पुरला नाही. म्हणजे आधी नाकानंच घेत होता."

मला बोलायचं होतं. ज्याच्या छातीवर पाचजण बसलेत त्याचा दम कसा पुरेल, हे साध्या माणसाला कळतं. मी बोललोही. पण त्या वाक्यावर टाळ्या पडल्या होत्या आणि टाळ्यांत माझं कोणाला ऐकू गेलं नाही. त्याला सामन्यातून काढून टाकलं.

आमच्या कप्तानानं सांगितलं, खेळ चालू ठेवायचा, फायनल आहे. मी त्याच्याजवळ कडेला जाऊन बसलो. तो उपरण्याची घडी घालत होता. म्हणाला, "खेळ जा. न्हाईतर शिकिवलेलं फुकट जाईल."

मी खेळलो. आम्ही जिंकलो. शेवटच्या चढाईपर्यंत माझे पाय माझेच होते.

सामना संपल्यावर व्यवस्थापकांनी मला बाजूला घेतलं. "तुझा दम चांगला आहे. स्वच्छ. कुठे शिकलास?"

मी त्याच्याकडे बोट केलं. "त्याच्याकडे."

ते हसले. "गमत्या दिसतोस."

"गंमत नाही साहेब. आमचा सगळा संघ त्याच्याकडेच शिकला. आमचा स्वच्छ कसा आणि त्याचा चोरीचा कसा?"

"हे बघ, पंचांनी काढलेला खेळाडू मी कसा घेऊ? मी नोकरमाणूस. तू येतोस का सांग."

मी नाही म्हणालो. मला वाटलं, मी नाही म्हटल्यावर काहीतरी थांबेल. काय थांबलं? त्यांनी आमच्या कप्तानाला विचारलं आणि तो हो म्हणाला. आज तो त्या कारखान्यात कायम आहे, संघात खेळतो, आणि त्याच पपईच्या देठानं कमावलेल्या दमावर खेळतो.

परत येताना आम्ही दोघं एका सायकलवर होतो. मी चालवत होतो. गावाची शीव आली. तो मागून म्हणाला, "लई शाना हायेस. तू गेला असतास तर मला आत वढला असतास. आता दोघंबी भाईर." मैदानाबाहेर त्यानं मला अरे म्हटल्याची ती पहिली वेळ, आणि शेवटचीही.

दुसऱ्या आठवड्यात मी पत्रक छापलं. 'दमाची चोरी की न्यायाची?' असं मोठ्या अक्षरांत. काष्टीच्या बाजारात वाटायला उभा राहिलो. एका म्हाताऱ्यानं कागद उलटसुलट बघून विचारलं, "तमाशा कवा हाय?" मी समजावून सांगितलं. तो म्हणाला, "मंग पोरगं मेलं का?" मेलं नाही म्हटल्यावर त्यानं पत्रक परत दिलं. दुपारी शेंगदाणेवाल्याच्या पाटीवर माझे कागद पुड्या होऊन रचलेले दिसले. त्यानं मलाच एक पुडी दिली, फुकट, कागदाबद्दल.

तालुक्याच्या ठिकाणी सामन्यांचं काम बघणाऱ्यांकडे गेलो. तिथले गृहस्थ सभ्य होते, चहा दिला. म्हणाले, पंचांचा निर्णय अंतिम असतो. मी म्हणालो, निर्णय चुकीचा असला तरी? म्हणाले, अंतिम म्हणजे अंतिम. मग नगरला सावेडीच्या माळावर नवा बंगला बांधलेल्या एका वकिलाकडे गेलो. आमच्या सभांना ते अध्यक्ष असतात. त्यांनी शांतपणे ऐकलं. "अन्याय आहे," म्हणाले. "पण पुरावा काय देणार? दम तर हवेत गेला."

पुढच्या उन्हाळ्यात समोरच्या संघाच्या त्या कप्तानाचं लग्न झालं. सनई कोणाची? आमच्याच गावची. बापाचे दात गेले होते, आता आमचा काडीपैलवानच मुख्य वाजवत होता. मी मुद्दाम गेलो. वरातीत नवरदेवाचा बाप कौतुकानं म्हणत होता, "काय दम हाय पोराचा! सूर तुटत न्हाई." त्या दिवशी त्याचं नाक बांधावं असं कोणाला वाटलं नाही. पंगत उठेपर्यंत तो मांडवाबाहेर बसला होता. मला पाहून नुसती भुवई उडवली.

त्यानंतर पाऊस आला नाही, आणि यंदा काय चाललंय ते सगळ्यांना दिसतंच आहे. लग्नं नाहीत, तर सनई कोण बोलावणार? तो रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जातो. मी तिथं मजुरांची गाऱ्हाणी लिहून घ्यायला जातो, म्हणून मला हे माहीत आहे. दिवसभर दगडाची पांढरी पूड उडत असते. बाया पदरानं नाक झाकतात, बाप्ये पटक्याचा शेव गुंडाळतात. तो एकटा उघड्या तोंडानं घण घालतो. मुकादम ओरडतो, "आरं फडकं बांध की!" तो ऐकू न आल्यासारखं करतो.

मी नवीन धुतलेलं फडकं घेऊन गेलो एकदा. त्यानं घेतलं. नाकापर्यंत नेलं. हात तिथंच थांबला. कपाळावर घाम फुटला, आणि त्यानं फडकं माझ्या हातात परत कोंबलं.

"न्हाई जमत," म्हणाला. "कापड नाकाला लागलं की मातीच दिसती तोंडापुढं. तुमी नका सांगू."

मग मी काय सांगायचं? मी पत्रक लिहू शकतो. धुळीवर पत्रक लिहू? मी मुकादमाला सांगितलं, याला दगड वाहायचं काम दे, फोडायचं नको. तो म्हणाला, वाहायला बाया आहेत.

परवा जेवणाच्या सुट्टीत बाभळीखाली बसलो होतो. मी म्हटलं, घुम जरा, बघू. त्यानं टाळलं. मग माझ्यासाठी म्हणून सुरू केलं. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. मी कान देऊन ऐकत होतो. मधेच खरखर आली, आणि खोकला लागला तो थांबेना. पाणी पाजलं. डोळे पुसत तो म्हणाला, "आता तुमचा माझ्यापेक्षा लांब." आणि हसला. बढाईखोर माणूस, दुसऱ्याची बढाई मारून हसला. पपईचा देठ आणू का, परत माठावर बसू, असं मी विचारलं. म्हणाला, "पपई वाळली. आन् माठातलं पानी प्यायला पुरंना, फुकायला कुठनं आनू?"

या दुष्काळाबद्दल मी काही करू शकत नाही. त्याच्या छातीत गेलेली पूड मला काढता येत नाही. कारखान्यातली जागा आता दुसऱ्याची आहे. एकच गोष्ट अजून परत देता येण्यासारखी आहे, आणि ती माझ्या हातात नाही, तुमच्या आहे.

तेव्हा हे वाचणं जरा थांबवा. गाल फुगवा, हवेनं भरा. आता नाकानं श्वास आत ओढा, आणि ओढता ओढता मोठ्यानं म्हणा, कबड्डी. लाजू नका, म्हणा. येतो शब्द? एकदा, दोनदा, हवं तितक्यांदा करून बघा. नाही येत. पंचांना ते मैदानावर उभ्या उभ्या करून बघता आलं असतं.

आता तुम्हाला माहीत आहे. दिवाळीनंतर त्याच शाळेच्या मैदानावर पुन्हा सामने आहेत, पाऊस आला तर. पंच तेच असतील. तुम्ही या. पहिल्या रांगेत उभे राहा आणि त्यांच्यासमोर हे करून दाखवा, आणि तो दम त्याचा स्वतःचा होता एवढं सगळ्यांच्या देखत त्यांच्याकडून वदवून घ्या. तो ऐकायला येईल. त्याला मी घेऊन येतो. पण लवकर या, त्याची छाती फार दिवस थांबणार नाही.